पुरवठादार तीन, मूळ एकच : रंग, क्विनाईन आणि आपल्या पिंपरीचं पेनिसिलिन

पोस्ट मोठी आहे. पण विषय आपल्या घरातल्या औषधाच्या डब्याचा आहे, म्हणून सवडीनं वाचा.

"भारत म्हणजे जगाची फार्मसी" हे वाक्य आपण भाषणांत, पेपरात, व्हॉट्सअॅपवर सतत ऐकतो. ते खोटं नाही. गोळ्या, कॅप्सूल, सिरप आपण बनवतो आणि अर्ध्या जगाला पुरवतो. पण गोळी ज्या पावडरीची बनते ती कुठून येते? आणि ती पावडर ज्या रसायनापासून बनते ते कुठून येतं? हे प्रश्न विचारत मागे मागे गेलं की चित्र बदलत जातं.

माझी नोकरीची बरीच वर्षं औषधं आणि रसायनं बनवणाऱ्या कंपन्यांच्या खरेदी खात्यात गेली. तारापूर, महाड, कुरकुंभ, पाताळगंगा अशा एमआयडीसीच्या फेऱ्या आणि मस्जिद बंदर-वडगादीतल्या व्यापाऱ्यांचे फोन, यातच दिवस जायचा. खरेदीत नवीन माणूस आला की त्याला पहिला धडा हाच मिळतो : एका पार्टीवर राहू नकोस, दोन-तीन पार्ट्या हाताशी ठेव. धडा बरोबर आहे, पण अर्धा. उरलेला अर्धा धडा गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासात पडलेला आहे आणि त्याची किंमत माणसांनी जिवानिशी मोजलेली आहे.

सुरुवात रंगापासून करू.

१८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोरानं डांबरापासून जांभळा रंग काढला. कृत्रिम रंगाचा शोध इंग्लंडचा. पण धंदा उभा केला जर्मनांनी. बीएएसएफ, बायर, होक्स्ट, आग्फा ही नावं तिथूनच मोठी झाली. १८९७ मध्ये बीएएसएफनं कृत्रिम नीळ बाजारात आणली आणि आपल्याकडच्या बिहार-बंगालच्या निळीचा धंदा बसायला लागला. १९१४ उजाडेपर्यंत जगातल्या कृत्रिम रंगांपैकी ८५ टक्क्यांच्या आसपास माल एकट्या जर्मनीचा होता.

ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध पेटलं आणि माल बंद झाला. इंग्लंड म्हणजे कापड गिरण्यांचा देश. मँचेस्टरला सूत आहे, मजूर आहेत, माग आहेत, फक्त रंग नाही. सैन्याच्या गणवेशालाही रंग लागतो, तोही शत्रूच्याच देशात बनणारा.

आता खरी गंमत बघा. इंग्लंडमध्ये रंगाचे कारखाने नव्हते असं नाही. होते. कागदावर बघाल तर देशी पुरवठादार हजर. पण हे कारखाने रंग बनवायचे तो बऱ्याच अंशी जर्मनीहून आणलेल्या मधल्या रसायनांपासून. आमच्या भाषेत इंटरमिजिएट. शेवटची पायरी तेवढी घरची, आधीच्या पायऱ्या परक्याच्या. अमेरिकेची गतही तीच. जर्मन माल थांबला तेव्हा बाहेरचा रंग तर थांबलाच, 'देशी' रंगाचेही वांधे झाले. १९१६ मध्ये 'डॉइशलांड' नावाची मालवाहू पाणबुडी ब्रिटिश नाकेबंदीखालून निघून अमेरिकेत बाल्टिमोरला पोचली. तिच्या पोटात मौल्यवान माल म्हणून काय होतं? रंग!

इकडे आपल्याकडे नैसर्गिक निळीचा भाव पुन्हा चढला आणि पेरा वाढला. बिहारच्या शेतकऱ्याच्या मानेवरचं जू सैल होता होता परत आवळलं. १९१७ साली गांधीजी चंपारणला गेले त्यामागच्या कहाणीत जर्मन रंगाच्या कारखान्यांचाही असा एक धागा आहे.

ब्रिटिशांनी यावरून काय केलं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. १९१५ मध्ये सरकारनं स्वतः पैसे घालून रंगाची कंपनी काढली. युद्ध संपल्यावर जर्मन माल पुन्हा स्वस्तात येणार हे दिसत होतं, म्हणून १९२० मध्ये कायदा करून दहा वर्षांसाठी रंगांच्या आयातीवर परवान्याचं बंधन घातलं. गिरणीवाल्यांनी कुरकुर केली, कारण देशी रंग महाग पडत होता. पण मुक्त व्यापाराचा झेंडा जगभर मिरवणाऱ्या देशानं इथे तो बाजूला ठेवला. दुसरा पुरवठादार शांततेच्या काळात पोसला नाही, तर संकटात तो उगवत नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं.

कळलं होतं, पण फक्त रंगापुरतं. औषधाच्या बाबतीत तेच दुखणं पुन्हा उद्भवलं.

क्विनाईन. आपल्या आजी-पणजीला माहीत असलेलं कडू औषध. हिवतापावर तेव्हा दुसरा भरवशाचा इलाज नव्हता. ते निघायचं सिंकोना नावाच्या झाडाच्या सालीतून, आणि हे झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. १८६० च्या सुमारास ब्रिटिशांनी क्लेमंट्स मार्कहॅम यांच्या मोहिमेतून रोपं-बिया आणल्या आणि निलगिरीत, मग दार्जिलिंगकडे मळे लावले. म्हणजे मूळ देश सोडून पुरवठ्याची दुसरी जागा तयार झाली. शहाणपणाचंच काम.

पण १८६५ मध्ये चार्ल्स लेजर नावाच्या व्यापाऱ्यानं बोलिव्हियातून फार चांगल्या जातीचं बियाणं मिळवलं. ते शोधून आणणारा होता मॅन्युएल इंक्रा नावाचा तिथला आदिवासी. ब्रिटिश सरकारनं बियाणं घेतलं नाही, डच सरकारनं त्यातलं थोडं घेतलं आणि जावा बेटावर लावलं. त्या झाडांच्या सालीत क्विनाईनचं प्रमाण कितीतरी पट जास्त निघालं. पुढे काय झालं ते कुठल्याही खरेदीवाल्याला न सांगता समजेल. जावाचा माल चांगलाही आणि स्वस्तही. भाव कोसळले. सिलोनच्या मळेवाल्यांनी सिंकोना उपटून चहा लावला. दक्षिण अमेरिकेतलं साल गोळा करणं परवडेनासं झालं. १९३० च्या दशकात जगातलं ९० टक्क्यांहून जास्त क्विनाईन एकट्या जावाच्या सालीतून येत होतं आणि भाव ॲमस्टरडॅमच्या कचेरीत ठरत होता.

यात कुणी कट केला नव्हता, हे नीट लक्षात घ्या. प्रत्येकानं आपापल्या जागी शहाणपणाचाच निर्णय घेतला. स्वस्त आणि चांगला माल घ्यायचा नाही तर काय करायचं? पण हजार शहाण्या निर्णयांची बेरीज म्हणजे सगळं जग एका बेटावर येऊन उभं राहिलं.

१९४० मध्ये जर्मनांनी हॉलंड घेतलं, ॲमस्टरडॅमचा साठा त्यांच्या हाती गेला. मार्च १९४२ मध्ये जपाननं जावा घेतलं. झाला खेळ खलास. आणि नेमकं तेव्हाच दोस्तांचं सैन्य ब्रह्मदेश, न्यू गिनी अशा हिवतापाच्या माहेरघरात लढायला उतरलं होतं.

अमेरिकेनं माणसं पाठवून दक्षिण अमेरिकेच्या जंगलात पुन्हा साल शोधली. सैनिकांना ॲटाब्रिन नावाची गोळी दिली, तिनं अंग पिवळं पडायचं म्हणून शिपाई ती घ्यायला कुरकुरायचे. आणि ही गोळी मुळात जर्मनीत शोधलेली.

आपल्याकडे मात्र सरकारी मळे चालू होते. तोट्यात जातात म्हणून निलगिरी आणि बंगालमधले मळे पूर्ण मोडले नव्हते. बंगालमध्ये तर १८९० च्या दशकापासून पोस्टात एक पैशाची क्विनाईनची पुडी मिळायची. तेवढ्यानं थोडाफार आधार मिळाला. पण देशाची गरज त्याच्या कितीतरी पट होती आणि जे होतं त्यात सैन्याचा हक्क पहिला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात माणसं उपासमारीनं गेली, तशी हिवतापानंही गेली, प्रचंड संख्येनं गेली. भुकेनं खंगलेल्या माणसाला ताप आला आणि क्विनाईन मिळालं नाही.

आता आपल्या गावाकडे येऊ.

पिंपरीत राहणाऱ्याला 'एच.ए.' सांगावं लागत नाही. एच.ए. कॉलनी, एच.ए. शाळा, एच.ए.चं मैदान. पण आजच्या पोरांना विचारलं की हे एच.ए. म्हणजे काय, तर बरेच जण मैदानापाशीच थांबतात. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड. १९५४ साली स्थापन झालेली, औषध क्षेत्रातली देशातली पहिली सरकारी कंपनी. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पिंपरीच्या माळावर हा कारखाना उभा राहिला आणि १९५५ मध्ये पेनिसिलिन बनायला लागलं. त्याआधी पेनिसिलिन बाहेरून यायचं आणि गरिबाच्या आवाक्यात नसायचं.

पेनिसिलिन बनवणं म्हणजे दोन रसायनं मिसळून ढवळणं नव्हे. ती एक प्रकारची शेती आहे. मोठमोठ्या टाक्यांत बुरशी वाढवायची. तिला साखर द्यायची, मक्याचा अर्क द्यायचा, फेनिल ॲसिटिक ॲसिड द्यायचं. रात्रंदिवस निर्जंतुक हवा फुंकायची, तापमान सांभाळायचं. मध्येच दुसरा जंतू शिरला तर अख्खी टाकी वाया. वीज तासभर गेली तरी जीव टांगणीला. हे काम पुस्तकात वाचून येत नाही, पाळीवर उभं राहून येतं. पिंपरीत माणसांची एक पिढी हे काम शिकली. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं. हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध इथल्याच प्रयोगशाळेत सापडलं, नावातच 'एच.ए.' आहे बघा.

१९६१ मध्ये रशियाच्या मदतीनं आयडीपीएल निघाली, ऋषिकेशला अँटिबायोटिकचा कारखाना आला. १९७० चा पेटंट कायदा आला. १९७५ मध्ये हाथी समितीचा अहवाल आला आणि १९७८ च्या औषध धोरणात कंपन्यांवर अट आली : नुसत्या गोळ्या बनवून विकू नका, मूळ औषधही काही प्रमाणात इथे बनवा. खाजगी कंपन्याही पेनिसिलिनमध्ये उतरल्या. म्हणजे एकेकाळी या देशात पेनिसिलिन-जी बनवणाऱ्या एकापेक्षा जास्त जागा होत्या.

मग काय झालं? जावाचंच पुन्हा झालं. १९९१ नंतर आयात खुली होत गेली, शुल्क उतरलं, मूळ औषध बनवण्याच्या अटी गेल्या. चीननं प्रचंड मोठ्या टाक्या उभ्या केल्या. या धंद्यात विजेचा खर्च मोठा आणि टाकी जितकी मोठी तितका माल स्वस्त. चिनी पेनिसिलिन-जी असा भाव घेऊन आलं की इथल्यांना तो कच्च्या मालाच्या खर्चातही परवडेना. एकेक करून आपल्या टाक्या बंद पडल्या.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगायला हवी. स्वस्त आयातीचा फायदा आपल्यालाच झाला. आज अॅमॉक्सिसिलिनची कॅप्सूल ज्या भावात मिळते, त्यात त्या चिनी टाक्यांचा वाटा आहे. पेनिसिलिन-जीपासून ६-एपीए बनतं आणि त्यापासून अॅमॉक्सिसिलिन, अॅम्पिसिलिन. ज्या आईनं पोराच्या कानदुखीवर वीस-तीस रुपयांत औषध घेतलं, तिला "देशी टाकी का बंद पडू दिली" हे विचारण्यात अर्थ नाही. प्रश्न धोरण ठरवणाऱ्यांना आहे.

आमच्या खरेदी खात्यातला अनुभव सांगतो. एका कच्च्या मालासाठी आमच्या मंजूर यादीत तीन पुरवठादार होते. एक मुंबईचा व्यापारी, एक गुजरातचा उत्पादक, एक हैदराबादचा. ऑडिटवाला खूश, साहेब खूश. एके वर्षी तिघांचेही फोन एकाच आठवड्यात आले : भाव वाढलाय, माल उशिरा येईल. खोदून विचारलं तेव्हा कळलं, व्यापारी तर माल चीनहून आणतच होता, पण बाकीचे दोघं 'उत्पादक' ज्या इंटरमिजिएटपासून माल बनवत होते, तेही चीनच्या त्याच प्रांतातून येत होतं. तिथे प्रदूषणावरून कारखान्यांवर कारवाई सुरू झाली होती. आमच्याकडे पुरवठादार तीन होते, पण विहीर एकच. पाणी ओढणारे पोहरे तेवढे तीन.

१९१४ च्या इंग्लंडचीच ही गोष्ट. फक्त जागा बदलली.

आणि हे आमच्यापुरतं नाही. साधं पॅरासिटामॉल घ्या. ते बनवणारे कारखाने भारतात भरपूर. पण त्याचा मूळ माल, पॅरा-अमिनोफिनॉल, मुख्यतः चीनहून येत आला. २०२० मध्ये कोरोनामुळे चीन बंद पडला तेव्हा ३ मार्चला आपल्या सरकारला २६ औषधं आणि मूळ द्रव्यांच्या निर्यातीवर बंधनं घालावी लागली, त्यात पॅरासिटामॉल होतं. जगाच्या फार्मसीनं शटर अर्धं खाली ओढलं!

त्याआधी ऑक्टोबर २०१६ मध्ये चीनच्या जिनान शहरातल्या एका कारखान्यात स्फोट झाला. तिथे पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टमचं मूळ द्रव्य बनायचं. हे गंभीर संसर्गावर हॉस्पिटलात शिरेतून देतात. पुढच्या वर्षी युरोप-अमेरिकेतल्या दवाखान्यांत त्याची टंचाई. लेबलं वेगवेगळ्या कंपन्यांची, पण बऱ्याच जणांचं मूळ त्या एका आवारात.

बरं, मग पुरवठादार वाढवत सुटायचं का? तेही उत्तर नाही. २००७-०८ मधलं हेपॅरिनचं प्रकरण आठवा. रक्त पातळ ठेवणारं हे औषध डुकराच्या आतड्यापासून निघतं. चीनमध्ये डुकरांत साथ आली, कच्चा माल कमी पडला, भाव चढला. माल छोट्या छोट्या कारखान्यांतून गोळा होत वर जायचा. त्या साखळीत कुठंतरी हेपॅरिनसारखं दिसणारं स्वस्त रसायन मिसळलं गेलं, आणि ते तेव्हाच्या नेहमीच्या चाचणीत पास होत होतं. अमेरिकेत माणसं दगावली, दहाहून जास्त देशांत भेसळीचा माल सापडला. तिथे पुरवठादार कमी नव्हते, उलट इतके होते की शेवटी कोण आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्हणजे खरा धडा असा : किती पार्ट्या आहेत हे मोजू नका, मूळ किती जागी आहे ते मोजा. आणि त्या प्रत्येक मुळापर्यंत कुणीतरी स्वतः जाऊन आलेलं असू द्या.

याला पैसे लागतात, हे लपवण्यात अर्थ नाही. औषधात पुरवठादार बदलणं म्हणजे किराणा दुकान बदलणं नव्हे. नव्या मालाचे नमुने तपासायचे, त्याच्या बॅच काढून बघायच्या, गोळी महिनोन् महिने टिकते का बघायचं, सरकारी मंजुरी घ्यायची. शिवाय ऑर्डर दोघांत वाटली की दोघांकडूनही घाऊक सवलत कमी. कुठलाही मॅनेजर विचारणार, काही घडलेलं नसताना हा खर्च कशासाठी? आणि सरकारी टेंडरमध्ये तर सगळ्यात कमी भाव भरणारा जिंकणार. दुसरं मूळ सांभाळणाऱ्याला त्यात एक गुणही जास्तीचा नाही. मग तो ते का सांभाळेल?

२०२० मध्ये सरकारनं जाग येऊन ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली, त्यात पेनिसिलिन-जी होतं. तीन बल्क ड्रग पार्क ठरले : गुजरात, हिमाचल, आंध्र. महाराष्ट्रानंही रायगड जिल्ह्यासाठी प्रस्ताव दिला होता, तिथल्या गावांचा विरोध होता, निवड झाली नाही आणि मग त्यावर जे राजकारण झालं ते आपण पाहिलंच. २०२४ मध्ये आंध्रात काकीनाड्याजवळ पेनिसिलिन-जीचा मोठा कारखाना सुरू झाला. चांगली गोष्ट. पण त्याच्यासमोर लगेच तोच जुना प्रश्न : चिनी माल स्वस्त आहे, मग घेणार कोण? आयातीला किमान भाव ठरवावा अशी मागणी झाली, तर गोळ्या बनवणाऱ्यांचं म्हणणं, मग आमचा खर्च वाढेल. १९२० च्या मँचेस्टरमधली कुरकुर, शब्दशः नसली तरी भावार्थानं तीच.

माझं मत विचाराल तर तीन गोष्टी.

पहिली, सरकारी खरेदीत औषध कंपनीला नुसता भाव विचारू नका. मूळ माल कुठून येतो, हे दोन पायऱ्या मागेपर्यंत लिहून मागा.

दुसरी, पंधरा-वीस जीवनावश्यक औषधांसाठी तरी सगळी ऑर्डर एकालाच देऊ नका. काही हिस्सा वेगळं मूळ असणाऱ्याला, थोडा जास्त भाव देऊन, राखून ठेवा. तो जास्तीचा पैसा म्हणजे विम्याचा हप्ता आहे.

तिसरी, हा हप्ता रोग्याच्या खिशातून नको, सरकारी तिजोरीतून जाऊ दे. निलगिरीचे मळे सरकारनं तोटा सोसून ठेवले होते, म्हणून १९४२ ला निदान थोडं क्विनाईन तरी हाताशी होतं. ते जास्त ठेवले असते तर किती जीव वाचले असते, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही.

राहता राहिली आपली एच.ए. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिची जादा जमीन विकून देणी भागवायचं ठरवलं. पिंपरीत जमिनीला भाव आहे, टाकीला नाही. पण टाक्या पुन्हा विकत घेता येतात. बुरशीचा वास घेऊन "ही बॅच बिघडणार" म्हणणारा ऑपरेटर विकत मिळत नाही. अशी माणसं अजून आपल्या आजूबाजूला आहेत, सत्तरी-ऐंशीच्या घरात. तुमच्या घरात, सोसायटीत कुणी एच.ए.तून निवृत्त झालेलं असेल तर त्यांना ही पोस्ट वाचून दाखवा आणि त्यांचं म्हणणं खाली लिहा. माझं कुठे पटलं नाही तर तेही लिहा. वाद घालू, पण विषय सोडायला नको.